घरच्या माणसांची वही वर्षानुवर्षं चालू कशी ठेवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरची वही मी २०११ च्या मे महिन्यात सुरू केली. तेव्हा ती खरंच वही होती, दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची, दुकानदार उधारी लिहितात ना तसली. आता चार वह्या झाल्यात, एक एक्सेल शीट आहे आणि फोटोंनी भरलेल्या दोन हार्ड डिस्क. कुठे लग्नाला गेलं की जेवणाच्या पंगतीत कोणीतरी शेजारी येऊन बसतं आणि तेच तेच प्रश्न विचारतं, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. माझं सासर साताऱ्याकडचं, सासूबाईंचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं, माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं आणि दोन्हीकडचे पुरुष गिरणीत, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच येणार, बाकीच्यांनी आपापल्या भागाप्रमाणे जुळवून घ्या.

सुरुवात मूळ पुरुषापासून करायची ना?

नाही हो. सगळ्यांना थेट शिवाजी महाराजांच्या काळात उडी मारायची असते, आणि पणजीचं नाव विचारलं की गप्प. स्वतःपासून सुरू करा आणि मागे जा. श्राद्धाला गुरुजी तीन पिढ्यांची नावं विचारतात, वडील-आजोबा-पणजोबा आणि तिकडून आई-आजी-पणजी, ती सहा नावं तरी पहिल्या पानावर बिनचूक येऊ देत. मग घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस कोण ते बघा आणि याच महिन्यात त्यांच्याकडे जाऊन बसा. मी आधी कागद गोळा करत बसले, म्हटलं तयारीनिशी जाऊ, आणि माझी थोरली आत्या त्या दिवाळीत गेली. कागद अजून तिथेच आहेत, रेकॉर्ड रूममध्ये, ते कुठे पळत नव्हते.

म्हाताऱ्या माणसांना साल आठवत नाही, मग काय लिहायचं?

साल विचारूच नका. मोठ्या घटना विचारा. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा (१२ जुलै १९६१) तुमचं लग्न झालं होतं का, कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे (११ डिसेंबर १९६७) घरात पाळणा हलत होता का, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कोण कोण जात होतं, १९८२ चा गिरणी संप सुरू झाला तेव्हा धाकटा कितवीत होता. मराठवाड्यात किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. सासूबाईंना स्वतःचं वय सांगता येत नाही पण भूकंपात आपण कोणाला कडेवर घेऊन अंगणात पळालो ते त्या बरोब्बर सांगतात, त्यावरून मी तीन दिरांची जन्मसालं काढली.

आणि हो, कागदावर १ जून जन्मतारीख दिसली की लगेच खरी मानू नका. शाळेत नाव घालताना तारीख कोणालाच माहीत नसायची, मास्तर १ जून लिहून टाकायचे, आमच्याकडे पाच भावंडांपैकी चौघांचा वाढदिवस १ जूनला येतो. वहीत लिहिताना मी "शाळेप्रमाणे १ जून, आईच्या सांगण्याप्रमाणे पोळ्याच्या आसपास" असं दोन्ही लिहिते.

बोलतं करायला जुना फोटो हातात द्या. मोबाईलचं रेकॉर्डिंग विचारून सुरू करा आणि मग फोन उलटा ठेवून द्या, समोर दिसत राहिला की माणसं भाषण केल्यासारखी बोलतात.

कागद कुठे शोधायचे?

आधी स्वतःच्या घरात, देव्हाऱ्यामागे, ट्रंकेत, आणि जुन्या पंचांगांत, कारण आमच्या आजोबांनी सगळ्या जन्मवेळा पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवल्या होत्या आणि आम्ही ती पंचांगं रद्दीत घालायला निघालो होतो. जुनं रेशन कार्ड, गिरणीच्या पगाराच्या चिठ्ठ्या, मनीऑर्डरच्या पावत्या. मनीऑर्डरच्या पावतीवर पैसे कोणाच्या नावाने आले ते असतं, आणि त्यावरून गावाकडे तेव्हा कारभार कोणाच्या हातात होता ते कळतं. आमच्याकडे तो चुलत आजीच्या हातात होता, हे कोणी कधी बोललंच नव्हतं.

मग गावची शाळा. तुमचे आजोबा चौथीपर्यंत जरी शिकले असले तरी लोकल बोर्डाच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये त्यांची ओळ असते, नाव, जात, जन्मगाव, कोणत्या इयत्तेतून शाळा का सोडली. अर्ज केला की उतारा मिळतो. मग तहसील. सातबारा सगळ्यांना माहीत असतो पण सातबारावर आजची नावं, गोष्ट खरी असते ती फेरफारात, कोण कधी वारलं, वारस कोण लागले, वाटणी कशी झाली. जन्म-मृत्यूची जुनी नोंद गाव नमुना १४ मध्ये, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. बऱ्याच तालुक्यांचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून सरकारच्या आपले अभिलेख या साइटवर टाकलेत, थोडी फी भरून घरबसल्या मिळतात, सर्व्हर चालू असेल तर. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. शिंदे समिती नेमली तेव्हा गावोगावची जुनी रजिस्टरं बाहेर आली आणि अनेक जिल्ह्यांनी ती स्कॅन करून साइटवर ठेवली. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, पणजोबांचं नाव सापडण्याची इतकी सोय आधी कधीच नव्हती.

देवस्थानांत पण विचारा. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात, आपलं गाव आणि आडनाव सांगितलं की कोणाकडे जायचं ते तिथलेच लोक सांगतात, आणि त्या वहीत आपल्या माणसाने स्वतः येऊन लिहिलेलं किंवा अंगठा दिलेला सापडतो. जाताना दक्षिणा आणि सवड दोन्ही घेऊन जा. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या लोकांनी हेळवी कधी आले होते ते घरी विचारून बघा. हे लोक काही वर्षांनी गावात येतात, आपल्या वहीतून तुमच्या घराण्याची नावं वाचून दाखवतात, नवीन जन्मलेली पोरं लिहून घेतात आणि धान्य किंवा पैसे घेऊन पुढे जातात. ही सगळी परंपरा ब्राह्मण आणि इनामदारांपुरतीच असते हा समज हेळव्यांकडे बघितलं की गळून पडतो.

आमच्या खापरपणजोबांचा भाऊ मॉरिशसला गेला म्हणतात, ते खरं असेल का?

असू शकतं. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी भागातून ऊसमळ्यांवर काम करायला माणसं तिकडे गेली, त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणूनच ओळखले जातात. मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या कामगारांची जुनी रजिस्टरं जपलेली आहेत. पण नुसतं "रामा, रत्नागिरी" एवढ्यावर काही होणार नाही, बापाचं नाव आणि गाव हवं. गाव आडनावात लपलेलं असतं कधीकधी. कुलाबा जिल्ह्यातून, म्हणजे आताच्या रायगडातून, इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल म्हणजे आपल्याकडच्या ज्यू लोकांची पेणकर, रोहेकर ही आडनावं बघा, तीन पिढ्या तिकडे राहून पण गाव सुटलेलं नाही.

सगळे कागद मोडी लिपीत आहेत. शिकावी लागेल का?

थोडं शिका. १९५० च्या दशकापर्यंत मोडीचा वापर होता, म्हणजे आजोबांच्या पिढीचे कागद सुद्धा मोडीत निघतात. छापील मुळाक्षरं दोन महिन्यांत येतात, पण एखाद्या घाईतल्या कारकुनाचं अक्षर वाचायला वर्षं जातात, तेव्हा पूर्ण कागद मोडीवाचकाकडून लिप्यंतर करून घ्या आणि स्वतः फक्त आपलं आडनाव, गावाचं नाव आणि आकडे ओळखायला शिका. तेवढ्यावर दोनशे पानांच्या गठ्ठ्यातून आपली चार पानं काढता येतात आणि वाचकाला चारच पानांचे पैसे द्यावे लागतात.

शके, फसली, अरबी सन... हे इसवी सनात कसं आणायचं?

शकात ७८ मिळवा हे सगळ्यांना पाठ असतं, आणि तिथेच चूक होते, कारण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. पानिपत बघा, पौष शुद्ध अष्टमी शके १६८२, लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. ७८ मिळवले असते तर एक वर्ष आधीच लढाई झाली असती! फसलीत साधारण ५९० मिळवा, निजामाच्या मुलखातल्या कागदांवर तोच सन असतो. पेशवाईतल्या कागदांत अरबी किंवा शुहूर सन अक्षरात लिहितात, इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे "इहिदे सितैन मया व अलफ" झाले ११६१, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृगाला सुरू होतं. म्हणजे परत १७६०-६१, परत पानिपत. मूळ सन जसा आहे तसा वहीत लिहा आणि आपलं गणित कंसात लिहा, गणित चुकलं तर नंतर दुरुस्त करता येतं.

एकच नाव दर दुसऱ्या पिढीत येतं, घोळ होतो

होणारच, नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. मी प्रत्येक माणसाला नंबर दिलाय आणि नावापुढे ओळख लिहिते, "तांब्याचा बंब फोडणारे", "परळच्या खोलीवाले". नंबर एक्सेलसाठी आणि बंब माणसांसाठी.

बायकांची नावं मिळतच नाहीत, ती गाळली तर चालेल का?

चालणार नाही. हा एक प्रश्न आहे ज्यावर मी चिडते, तर आधीच माफी मागून ठेवते.

आमच्याकडे एका काकांनी १९७० च्या आसपास केलेली वंशावळ होती, मोठ्या कार्डशीटवर झाड काढलेलं, पानं हिरवी रंगवलेली, सुंदर अक्षर. त्यात एकशे बारा माणसं आणि एकसुद्धा बाई नाही. एकशे बारा पुरुष काय त्या झाडाला आपोआप लागले? बरं, बाईचं नाव शोधणं अवघड का तर तिला नावंच तीन, एक पाळण्यातलं, एक माहेरी हाक मारायचं आणि एक लग्नात तांदळावर अंगठीने लिहिलेलं, आणि कागदावर यायचं ते तिसरंच. मुलगी माहेरच्या वंशावळीतून लग्न झालं की गेली आणि सासरच्या वंशावळीत आलीच नाही.

पण शोधलं तर सापडतं. फेरफार बघताना मला १९५८ च्या एका नोंदीत सासऱ्यांच्या दोन आत्या सापडल्या ज्यांच्याबद्दल घरात कोणालाही माहिती नव्हती, त्यांनी हक्कसोडपत्र करून दिलं होतं म्हणून त्यांची नावं लागली, हक्क सोडताना का होईना. २००५ नंतर कायद्याने मुलींना मुलांइतकाच वाटा आला, त्यामुळे आताच्या नोंदींत मुली दिसतात. विधवा बाई वारस म्हणून सातबारावर दिसते. जात्यावरच्या ओव्यांत भावाचं आणि माहेरच्या गावाचं नाव असतं, सासूबाईंना येणाऱ्या ओव्यांत धरणाखाली गेलेल्या त्यांच्या गावचा पाणवठा, पार, देऊळ सगळं आहे, नकाशा काढता येईल इतकं. तो पण मी ओव्यांसकट वहीत काढला. माझ्या वहीत नियम एकच, बाईच्या नावापुढे तिचं माहेरचं पूर्ण नाव आणि गाव, माहीत नसेल तर जागा कोरी, पण जागा ठेवायची.

वंशावळ विचारली की नातेवाईकांना वाटतं जमिनीसाठी चाललंय

वाटणारच, कारण आपल्याकडे वंशावळ लागते कधी, तर तलाठ्याकडे वारस नोंद करायला नाहीतर कोर्टात. माझ्या एका चुलत दिरांनी मला दोन वर्षं चहासुद्धा नीट पाजला नाही. यावर उपाय म्हणजे पहिल्या भेटीत काहीच मागायचं नाही, उलट द्यायचं. त्यांच्या वडिलांचा एखादा फोटो आपल्याकडे असेल तर मोठा प्रिंट काढून न्या. ज्या घराशी केस चालू आहे तिथे केस संपेपर्यंत जाऊ नका, किंवा त्या घरच्या सुनेशी बोला, ती जास्त सांगते. आणि कोणी मूळ कागद दिला तर तिथेच फोटो काढून लगेच परत करा, घरी नेऊ नका, कधीच नेऊ नका.

दोघं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, खरी कोणती लिहू?

दोन्ही. खाली कोणी सांगितलं, कधी, कुठे बसून. आमच्या पणजोबांनी गाव का सोडलं याच्या तीन गोष्टी आहेत, प्लेग, भाऊबंदकी आणि एक बाई. तिन्ही लिहिल्यात. सांगणाऱ्याचं नाव न लिहिलेली माहिती पाच वर्षांनी तुम्हालाच खोटी वाटायला लागते, माझ्या पहिल्या वहीतली चाळीस पानं अशीच अधांतरी आहेत, मलाच आठवत नाही मी ते कोणाकडून ऐकलं.

घरातल्या वाईट गोष्टी लिहायच्या का?

दुसरं लग्न, दारू, विहिरीत पडलेली सून... लिहा, पण वेगळ्या पाकिटात, ज्यांना त्याचा त्रास होईल ती माणसं आहेत तोवर बंद. आणि जिवंत माणसांच्या जन्मतारखा, आईचं माहेरचं आडनाव, आधार नंबर हे असलं काही ग्रुपवर फिरवायचं नाही, बँका ओळख पटवायला हेच विचारतात.

पहिलं वर्ष उत्साह असतो, मग बंद पडतं. तुमचं कसं टिकलं?

माझं पण पडलं होतं. २०१४ ते २०१६ वहीला हात लावला नाही, मुलाची दहावी, सासऱ्यांचं आजारपण, आणि खरं सांगायचं तर कंटाळा. परत सुरू झालं ते सासऱ्यांच्या दहाव्याला, लोक जमले होते, कावळा शिवायची वाट बघत घाटावर बसलेले, आणि एकमेकांना सासऱ्यांच्या गोष्टी सांगत होते, मी आपलं बॅगेतलं दुधाचं कॅलेंडर काढून त्याच्या मागे लिहायला सुरुवात केली. तेव्हा लक्षात आलं की वेगळा वेळ काढायचा नसतो, माणसं जमतातच की, गणपतीला, जत्रेला, लग्नात, दहाव्या-तेराव्याला. आता माझं वर्षाचं वेळापत्रक तेवढंच आहे. गणपतीत गावी गेलं की एका घरी जाऊन एका माणसाशी बोलायचं, फक्त एक, आणि परतीच्या एसटीत बसून ते लिहून काढायचं, घरी पोचल्यावर लिहू म्हटलं की संपलं. दिवाळीनंतरच्या रविवारी फोटोंना नावं. मे महिन्यात एक कागद सरकारी ऑफिसातून. बाकी वर्ष वही कपाटात.

दुसरं म्हणजे आजचं पण लिहा. सगळे जुनंच शोधतात आणि घरात काल काय झालं ते कोणी लिहीत नाही, मग ते पन्नास वर्षांनी कोणीतरी फेरफारात शोधत बसणार. लॉकडाऊनमध्ये कोण कुठे अडकलं, कोणी पहिल्यांदा भाकरी केली, चाळीतली खोली रिडेव्हलपमेंटला गेली त्या दिवशी सासूबाई काय म्हणाल्या ("नळ तरी काढून घ्या रे"), हे सगळं माझ्याकडे तारखेसकट आहे.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे, मग परत कशाला?

छान आहे, त्याची एक प्रत जपा. पण तो ज्या वर्षी छापला त्या वर्षी थांबला, पुढच्या आवृत्तीसाठी समिती, वर्गणी, आणि समितीतली भांडणं. तंजावरच्या भोसल्यांनी तर १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर आपल्या वंशाचा इतिहास मराठीत कोरून ठेवला, दगडात, यापेक्षा पक्कं काय असणार. पण त्यात नातवाचं नाव घालायचं तर छिन्नी हवी. वहीत पेन चालतं.

फोटो आणि कागद कसे ठेवायचे?

लॅमिनेशन करू नका, परत सांगते, लॅमिनेशन करू नका, आमचं १९३९ चं एक खरेदीखत असंच कायमचं प्लास्टिकात अडकलंय. सेलोटेप नको. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो हळूहळू बाहेर काढा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने नावं, डावीकडून उजवीकडे. ६०० डीपीआयला स्कॅन करा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटोचा दर्जा जातो आणि चेहऱ्यांचं पीठ होतं. वहीत जेल पेन वापरू नका, एका पावसाळ्यात खिडकी उघडी राहिली आणि माझी सहा पानं निळी झाली.

कॉम्प्युटरवर सगळं ठेवलं तर वही कशाला?

कॉम्प्युटरवर ठेवाच, दोन हार्ड डिस्क, त्यातली एक दुसऱ्या गावी, शिवाय ड्राइव्हवर. पण गुगलचं खातं सलग दोन वर्षं वापरलं नाही तर ते पुसून टाकण्याचा नियम त्यांनी २०२३ मध्ये आणलाय, म्हणजे तुम्ही गेलात की दोन वर्षांनी पणजोबा पण जाऊ शकतात. इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर नावाचं सेटिंग असतं त्यात मुलाचा किंवा पुतणीचा मेल टाकून ठेवा. आणि दर दोन वर्षांनी नवीन भागाची प्रिंट काढून स्पायरल करून तीन घरांत द्या, एक प्रत तरी वाळवीतून वाचते.

पुढे कोण सांभाळणार?

माझ्या मुलाला रस नाही, त्याला मी विचारायचं सोडलं. नणंदेच्या मुलीला आहे, ती आत्ता एकोणीस वर्षांची आहे, आडनाव वेगळं, उद्या लग्न होऊन अजून वेगळं होईल, आणि घरात काहींचं म्हणणं आहे की आपल्या घराण्याची वही दुसऱ्या घरात कशी जाणार. चौथी वही मी तिच्याकडे दिली सुद्धा.

तुमची वही बघायला मिळेल का?

मिळेल, डोंबिवलीला घरी या, रविवारी दुपारनंतर. येताना तुमच्या आजीचं माहेरचं नाव विचारून या.